करंगळीचा सूर

सुवार्ता पियानो शिकायला बसलीच नव्हती. मुलीची हातात घालायची कडी बिघडलीत का, एवढंच तिला बघायचं होतं.

श्रीरामपुरात आढाव बेकरीच्या वरच्या मजल्यावर तिचं घर होतं. खाली तिचे वडील दाविद आढाव भट्टी सांभाळायचे आणि सुवार्ता केकवर नक्षी काढायची. नवरा मार्कस दौंडला रेल्वेत होता, तो सुट्टीला यायचा. दुपारी बेकरीचं शटर खाली असायचं, तेव्हा वर जेवणाच्या टेबलावर हॅनाचा पियानोचा सराव चालायचा. हॅना तेरा वर्षांची, सुवार्ताची एकुलती एक मुलगी. तिच्या शाळेनं त्या वर्षीपासून प्रत्येकाला एक वाद्य शिकणं सक्तीचं केलं होतं. ज्यांच्या घरात वाद्य नाही, त्यांच्यासाठी 'स्वरपट' होता.

स्वरपट म्हणजे इंटरनेटवरचा पियानो. पूर्वी असे पियानो माऊसनं, नाहीतर लॅपटॉपच्या अक्षरांवर टकटक करून वाजवावे लागत. त्यात करमणूक व्हायची, पण हात तयार होत नसे. मग कडी आली. दोन्ही हातांत कोपराच्या जरा खाली एकेक रबरी कडं चढवायचं, समोर कुठलंही टेबल घ्यायचं आणि वाजवायचं. बोटं वाकवणारे मोठे स्नायू मुळात बोटांत नसतातच. ते कोपराखाली असतात आणि लांब, चिवट दोऱ्यांनी बोटांना ओढतात. मेंदूचा हुकूम त्या स्नायूंपर्यंत पोचला की कातडीवर अगदी क्षीण वीज उमटते. कडं ती वीज टिपतं, कुठल्या बोटाला किती जोरानं दाबायचा हुकूम सुटला ते ओळखतं, आणि बोट टेबलाला टेकतं न टेकतं तोच सूर वाजतो. कड्यातली बारीक थरथर खरी पट्टी दाबल्याचा भास देते. हात डावीकडे-उजवीकडे किती सरकला, तेही कडंच सांगतं. पडद्यावर पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसतात आणि त्यांच्यावर दोन चितारलेले हात.

"मम्मी, हे उजवं कडं माझं ऐकतच नाही," हॅना त्या दुपारी कुरकुरली. "तू घालून बघ ना. माझा हात बारीक आहे म्हणून होत असेल."

सुवार्तानं कडं चढवलं. तिच्या उजव्या हाताला अंगठा आणि तर्जनी एवढंच होतं. ती नऊ वर्षांची असताना हरेगावच्या रस्त्यावर त्यांची थोडी शेती होती, चार जनावरं होती. कडबाकुट्टीच्या मशीनच्या तोंडाशी वैरण सारताना हात आत ओढला गेला आणि मधलं बोट, अनामिका, करंगळी तिन्ही गेली. वडिलांनी त्याच वर्षी जनावरं विकली, शेत खंडानं कसायला दिलं आणि गावात बेकरी काढली. पुढे सुवार्ता त्या दोन बोटांत क्रीमचा कोन धरून अशी गुलाबं काढायला शिकली, की राहुरी-नेवाशाहून लोक लग्नाचे केक सांगायला येत.

पडद्यावर सूचना आली, उजवा अंगठा दाबा. तिनं दाबला, सूर आला. तर्जनी दाबा. तोही आला. मग मधलं बोट दाबा, अशी सूचना आली आणि हॅना पटकन पुढे झाली. "थांब, हे सोडून द्यायचं बटण असतं."

"राहू दे," सुवार्ता म्हणाली.

का म्हणाली, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. तिनं डोळे मिटले आणि जिथं काही नव्हतं तिथलं बोट दाबायचा प्रयत्न केला. काहीच झालं नाही. अनामिकेचंही काही झालं नाही. मग करंगळीची सूचना आली, तिनं दाबली, आणि खोलीत एक उंच, स्वच्छ सूर वाजला.

"मी कशाला हात लावला नाही हं," हॅना म्हणाली.

सुवार्तानं डोळे उघडले. पडद्यावरच्या चितारलेल्या हाताची करंगळी खाली दबलेली होती. टेबलावर तिच्या हाताच्या कडेला नुसतं लाकूड होतं. तिनं पुन्हा दाबलं. सूर पुन्हा आला. स्नायू तिथंच होते, इतकी वर्षं कुणी न बोलावता पडून राहिलेले, आणि मेंदू त्यांना हाक मारायला विसरला नव्हता.

त्या दिवशी बेकरीचं शटर बरंच उशिरा उघडलं.

*

स्वरपटावर शिकवणाऱ्यांत वसईच्या डाबरे मिस होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर शाळेत आणि चर्चमध्ये पियानो शिकवलेल्या. हॅना त्यांच्याकडेच शिकत होती. सुवार्तानं हॅनाशेजारी स्वतःचं नाव घातलं, पण कॅमेरा बंद ठेवला. मिसना पडद्यावर दिसायचे ते चितारलेले हात, आणि त्या हातांना सगळी बोटं होती.

पहिल्याच तासाला मिसनी सुधारक बंद करायला लावला. सुधारक म्हणजे चुकलेला सूर गुपचूप बरोबर करून देणारी सोय. "चूक ऐकू आली पाहिजे," त्या म्हणाल्या. "नाहीतर तुम्हाला वाटेल आलं, आणि येणार काहीच नाही."

सुरुवातीला मधलं बोट आणि अनामिका एकमेकांत मिसळायची. एकाला बोलावलं की दुसरं धावायचं. सुवार्ता डाव्या हाताचं बोट हलवून उजव्याला दाखवायची, की असं, हे. रोज दुपारी जेवण झालं की ती टेबल पुसून बसायची. हळूहळू बोटं वेगळी झाली. आधी नुसती हलली, मग हळू आणि जोरात यांतला फरक त्यांना कळायला लागला. गणपती येऊन गेले, दिवाळीचे फराळ झाले, आणि एका दुपारी मिस तिच्यावर रागावल्या.

"सुवार्ता, तुमचं चौथं बोट आळशी आहे. बाकीची वेळेवर येतात, हे आपलं मागून डुलत डुलत येतंय. त्याला एकट्याला रोज कामाला लावा."

"हो मिस," सुवार्ता म्हणाली. तास संपल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून हसत राहिली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हॅना घाबरून आली.

"काय झालं? रागावल्या का त्या?"

"माझ्या अनामिकेला रागावल्या," सुवार्ता म्हणाली. "आळशी म्हणाल्या तिला."

*

पण बोटं परत आली ती फक्त टेबलावर आली नाहीत.

नाताळच्या तोंडावर एका लग्नाचा केक होता. वरच्या थरावर शेवटची वेल काढताना सुवार्तानं कोन धरला, आणि तो तिच्या हातातून सरळ खाली आला. क्रीमचा गोळा केकच्या मधोमध पडला. तिनं कोन पाच बोटांनी धरला होता. त्यातली तीन नव्हती.

ती चूक तिनं खरवडून काढली, नवी नक्षी काढली. दुसऱ्या दिवशी चहाचा कप सुटला. मग एकदा भट्टीतला ट्रे बाहेर ओढताना हात निसटला आणि गरम लोखंड मनगटाला लागलं. चटका मोठा नव्हता, पण दाविदांनी तो पाहिला.

ते तिला नगरला घेऊन गेले. तिथं डॉ. सुलक्षणा गटणे हातांच्या उपचारांच्या तज्ज्ञ होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कडंही चढवून बघितलं.

"मेंदूत शरीराचा एक नकाशा असतो," त्या म्हणाल्या. "बोटं गेली तेव्हा तुमच्या नकाशात ती पुसट झाली, आणि दोन बोटांनी सगळं करायची वाट पक्की झाली. आता रोजच्या सरावानं ती तीन बोटं पुन्हा ठळक होताहेत. पियानोसाठी ते उत्तम. पण कप उचलताना मेंदूला वाटतं, पाच आहेत. आणि तुम्ही कप सोडता."

"मग काय करायचं?" दाविदांनी विचारलं.

"सराव बंद केला तर काही महिन्यांत पूर्ववत होईल. चालू ठेवला तर काय होईल, ते मला खात्रीनं सांगता येत नाही. लहान मुलं घरात एक भाषा बोलतात, शाळेत दुसरी, आणि गोंधळत नाहीत. तसं हातालाही जमू शकेल. पण शिकवावं लागेल, आणि तोवर भट्टीपासून जपावं लागेल."

परतीच्या बसमध्ये दाविद बराच वेळ खिडकीबाहेर उसाच्या गाड्या बघत होते. राहुरी मागे पडल्यावर ते बोलले. "बंद कर ते."

"पप्पा."

"केक हे तुझं नाव आहे. तुझ्या हातची गुलाबं लोक लांबून बघायला येतात. त्या दोन बोटांवर तू सगळं उभं केलंस. आता नसलेल्या बोटांपायी तीही घालवायची?"

"नसलेली नाहीत ती. वाजतात."

"मी बघितलंय तुझा हात जाताना," दाविद म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला, की पुढच्या सीटवरच्या बाईलाही ऐकू गेला नसता. "पुन्हा बघायचा नाहीये मला."

सुवार्ता त्यांच्याकडे वळली. "पप्पा, तेव्हा मी तुम्हाला दोष दिला नाही, आताही देत नाही. पण तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. आता आहे. मला सोडायचं नाही."

दाविदांनी पुन्हा खिडकीकडे तोंड वळवलं. घरी आल्यावरही दोन दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले.

तिनं सराव सोडला नाही, आणि केकही सोडले नाहीत. डॉक्टरांचं ते भाषेचं बोलणं तिच्या मनात बसलं होतं. मुलाला शाळेची भाषा आठवते ती शाळेच्या दारात. मग हातालाही एखादं दार पाहिजे. बेकरीत उतरताना तिनं उजव्या तळव्याला एक सुती रुमाल घट्ट गुंडाळायला सुरुवात केली. तो कापडाचा दाब म्हणजे दोन बोटांची भाषा. वर आली की रुमाल सोडायचा, कडं चढवायचं, ती पाच बोटांची. पहिले काही आठवडे काही खरं नव्हतं. भट्टीचं काम दाविदांनी न बोलता स्वतःकडे घेतलं. केक तिनं छोटे घेतले, दोनदा गिऱ्हाइकांना माफी मागून परत पाठवलं. मग एके सकाळी तिच्या लक्षात आलं, की कोन सुटलेला बरेच दिवस झाले.

त्याच सुमाराला केव्हातरी रुमाल दाविदच बांधायला लागले. एका हातानं तिला गाठ नीट मारता यायची नाही. ते चष्मा कपाळावर चढवून गाठ मारायचे, ओढून बघायचे, आणि एकदा असंच ओढून बघताना म्हणाले, "काल दुपारी वाजवत होतीस ते खाली ऐकू येतं. चांगलं वाटतं."

*

डाबरे मिसनी तिला पुण्याच्या एका पियानो मंडळाच्या परीक्षेला बसवायचं ठरवलं. मंडळानं नुकतीच स्वरपटावर परीक्षा द्यायची परवानगी दिली होती. अट एवढीच, की सुधारक बंद पाहिजे आणि परीक्षकासमोर बसून वाजवलं पाहिजे.

"मग आधी मला तुमचे खरे हात बघू देत," मिस म्हणाल्या. "मनगट कसं धरता ते चित्रात नीट कळत नाही."

सुवार्तानं कॅमेरा सुरू केला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

मिस पडद्याजवळ आल्या. मग मागे झाल्या. "हे कधीचं?"

"लहानपणीचं, मिस. मी सांगायला हवं होतं."

"म्हणजे इतके महिने मी नसलेल्या बोटाला ओरडत होते?"

"हो."

"आणि ते सुधारलं."

"हो मिस."

मिसनी चष्मा काढून पुसला. "मग ते आहे," त्या म्हणाल्या. "चला, मनगट जरा वर घ्या. आणि सुरुवातीपासून वाजवा."

*

परीक्षेच्या दिवशी हॅनाची शाळा होती, म्हणून सुवार्ताबरोबर पुण्याला दाविद आले. परीक्षकांचं नाव निरंजन कारखानीस होतं. शांत, काटेकोर माणूस. खोलीत एका बाजूला काळा भव्य पियानो होता. स्वरपटवाल्यांसाठी दुसऱ्या बाजूला साधं टेबल होतं. दाविद भिंतीशी खुर्चीवर बसले.

सुवार्तानं पहिली रचना सुरू केली. ओळ संपायच्या आत कारखानिसांनी हात वर केला.

"थांबा, बाई." त्यांची नजर तिच्या उजव्या हातावर होती. "मला पाच बोटांचं ऐकू येतंय, आणि दोन दिसताहेत. बाकीचं सॉफ्टवेअर वाजवतंय."

"सुधारक बंद आहे, सर. बघा."

"पडद्यावर बंद दिसतो. आत काय चाललंय ते मला दिसत नाही. मला वाईट वाटतंय, पण मी नियमाला बांधलेला आहे. अशी परीक्षा मला घेता येणार नाही."

उठून जाणं सोपं होतं. बाहेर गेलं की श्रीरामपूरची गाडी होती, बेकरी होती, गुलाबं होती. सुवार्तानं खुर्ची पुढे ओढली.

"सर, सॉफ्टवेअर वाजवत असेल तर त्याला रचना माहीत असणार. जे त्याला माहीत नाही ते मला विचारा. तुम्ही बोटांचे आकडे सांगा. अंगठा एक, करंगळी पाच."

कारखानीस क्षणभर थांबले. मग त्यांनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

"तीन."

सूर आला.

"पाच. तीन. चार. चार, हळू. चार, आणखी हळू. आता जोरात."

प्रत्येक सूर सांगितल्यासारखा आला. त्यांनी वेग वाढवला, मध्येच उलटे आकडे घेतले, चौथं आणि पाचवं आलटूनपालटून मागितलं, आवाज थेंबाथेंबानं चढवत न्यायला सांगितला. सुवार्ताच्या कपाळावर घाम आला, पण बोटं मागे राहिली नाहीत.

"आता परीक्षेची रचना घ्या," ते म्हणाले. "मी टेबलावर टिचकी मारीन तिथं चुका. चौथ्या बोटानं."

ती वाजवू लागली. टिचकी वाजली आणि अनामिका शेजारच्या पट्टीवर पडली. वेडावाकडा सूर आला. पुढचा सूर बरोबर होता. पुन्हा टिचकी, पुन्हा चूक. टाळ्या मिळाव्यात अशा नेमक्या चुका ती करत गेली. तिला सावरून घेणारं कुणी त्या कड्यात बसलेलं नव्हतं.

कारखानिसांनी तिला थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर आता संशय नव्हता, संभ्रम होता. "पण ही कुणाची आहेत?" ते जवळजवळ स्वतःशीच म्हणाले. "कुठून येतंय हे?"

भिंतीशी दाविद उभे राहिले. ते मोठ्या लोकांसमोर फारसे बोलत नसत.

"सर, ती नऊ वर्षांची होती. मशीन मी चालवत होतो," ते म्हणाले. "ती बोटं मी ओळखतो. ती तिचीच आहेत."

दाविद टेबलापाशी आले आणि त्यांनी सुवार्ताच्या कोपराखाली, कड्याला लागून आपला तळवा ठेवला. "वाजव," ते तिला म्हणाले. तिनं करंगळी दाबली. तळव्याखाली एक बारीक स्नायू टणक झाला आणि सैल पडला. अनामिका दाबली, तेव्हा त्याच्या शेजारचा हलला. "हात ठेवून बघा, सर. इथं आहेत."

कारखानिसांनी हात ठेवला. ती चार-सहा सूर वाजवेपर्यंत ते तसेच वाकून उभे राहिले. मग त्यांनी पडदा वळवून पुन्हा तिच्यासमोर केला, आपल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि कोटाची बाही नीट केली.

"उमेदवारानं पहिल्यापासून सुरू करावं," ते म्हणाले.

सुवार्तानं सुरू केलं. रचना मंद होती, दोन हात एकमेकांना विचारत विचारत वर चढत होते, आणि शेवटाकडे उजवा हात एकटाच सुटून वेगानं वरच्या सुरांत जात होता. तिथं मिस नेहमी तिला थांबवायच्या. आज कुणी थांबवलं नाही. एक, दोन, तीन, चार, पाच, पुन्हा अंगठा खालून, पुन्हा वर. सगळी बोटं आपापल्या जागी पोचली. संपलं तेव्हा कारखानीस लिहायचं विसरून बसले होते.

*

सुवार्ता पहिल्या श्रेणीत आली. मंडळानं आपल्या नियमांत एक ओळ वाढवली, की वाजवणाऱ्याच्या स्नायूंतून येणारा सूर हा वाजवणाऱ्याचाच मानावा. ती ओळ कारखानिसांनी लिहिली होती. त्या ओळीच्या आधारानं पुढच्या सत्रात इचलकरंजीचा मागावर डावा पंजा गमावलेला एक विणकर, आणि जन्मतः दोन्ही हातांना तीन-तीनच बोटं असलेली परभणीची एक वकीलबाई डाबरे मिसच्या वर्गात आली. मिसनी त्यांना सुवार्ताच्या हाताखाली दिलं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत मंडळाचा वार्षिक कार्यक्रम झाला. मिस वसईहून आल्या होत्या. दोघी पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटल्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग मिस मंचावरच्या काळ्या पियानोवर बसल्या आणि सुवार्ता त्याला खेटून ठेवलेल्या उघड्या टेबलाशी. दोघींनी मिळून एक रचना वाजवली. पियानोत तारा वाजत होत्या. टेबलावर दोन बोटांचा एक हात नाचत होता, आणि त्यातून निघणारा सूर मोठ्या पियानोला तोडीस तोड होता. पहिल्या मिनिटात प्रेक्षक तो हात बघत होते. नंतर बघणं संपलं आणि ऐकणं सुरू झालं.

शेवटचा स्वरसमूह दोघींनी एकत्र दाबला. सुवार्तानं हात उचलला नाही. सूर विरत विरत पार नाहीसा होईपर्यंत तिनं पाचही बोटं दाबून धरली, मग सोडली. सभागृह उभं राहिलं. हॅना आणि मार्कस टाळ्या वाजवत रांगेच्या बाहेर आले होते.

दाविदांच्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ होते. टाळ्यांच्या आवाजात त्यांनी वाकून विचारलं, "कोण हो त्या टेबलावरच्या?"

"माझी मुलगी," दाविद म्हणाले. "पियानो वाजवते."